रद्द की जैसे थे? आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहावरील २०१३ च्या सार्वमताचा प्रकरण अभ्यास

आयर्लंडच्या संसदेचे वरिष्ठ सभागृह, म्हणजे शॅनड, कायमचे रद्द करावे का, हा प्रश्न ४ ऑक्टोबर २०१३ रोजी तेथील मतदारांना विचारण्यात आला. ५,९१,९३७ मतदारांनी होकार दिला आणि ६,३४,४३७ मतदारांनी नकार. सव्वाबारा लाख मतांमध्ये अवघ्या ४२,५०० मतांच्या फरकाने सभागृह वाचले. निकाल म्हणजे सरकारला बसलेला धक्का, असे त्या दिवशी सगळीकडे म्हटले गेले आणि राजकीय बातमी म्हणून ते बरोबरच होते. घटनासुधारणेच्या अभ्यासकाला मात्र या प्रकरणातली दुसरी बाजू अधिक विचार करायला लावते. सभागृह आहे तसेच चालू द्यावे, असे मनापासून म्हणणारा गट त्या प्रचारात जवळजवळ नव्हताच. एका बाजूला ते मोडीत काढू पाहणारे होते, दुसऱ्या बाजूला ते मुळापासून सुधारू पाहणारे. तरीही मतदानानंतर सभागृह राहिले ते जसेच्या तसे. ज्या पर्यायाची कोणी बाजू घेतली नव्हती तोच अखेरीस पदरात कसा पडला, हे पाहण्यासाठी आधी हे सभागृह कसे बनते ते नीट समजून घ्यावे लागते.

सभागृहाची घडण

सध्याचे शॅनड १९३७ च्या राज्यघटनेतून आले. त्याआधीच्या आयरिश फ्री स्टेटमध्येही, म्हणजे १९२२ मध्ये स्थापन झालेल्या आयरिश राज्यातही, एक वरिष्ठ सभागृह होते. सरकारची विधेयके ते अडवून धरते, म्हणून एमन डी व्हॅलेरा यांच्या सरकारने १९३६ मध्ये ते रद्द केले आणि पुढच्याच वर्षी नव्या घटनेत त्याच डी व्हॅलेरांनी बऱ्याच कमी अधिकारांचे नवे सभागृह घातले. सामान्य विधेयक हे सभागृह ९० दिवस लांबवू शकते. अर्थविधेयकावर २१ दिवसांत शिफारशी करण्यापलीकडे त्याला काही करता येत नाही. कनिष्ठ सभागृहाने, म्हणजे डॉलने, आग्रह धरला की डॉलचेच म्हणणे टिकते.

सदस्य ६०. त्यांपैकी ११ पंतप्रधान स्वतः नेमतात, ६ जण विद्यापीठांच्या पदवीधरांकडून निवडून येतात आणि उरलेले ४३ पाच व्यावसायिक पॅनेलांतून निवडले जातात. भारताच्या घटनाकारांनी राज्यसभेतील नामनियुक्त सदस्यांची कल्पना याच घटनेवरून घेतली, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल. पॅनेलांची नावे भारदस्त आहेत: संस्कृती व शिक्षण, शेती, श्रम, उद्योग व व्यापार, लोकप्रशासन. समाजातील जाणकार आपापल्या क्षेत्राचे ज्ञान घेऊन विधिमंडळात यावेत, ही त्यामागची मूळ कल्पना. पण या ४३ जणांना मते कोण देतो? नवनिर्वाचित डॉलचे सदस्य, मावळत्या शॅनडचे सदस्य आणि शहर व काउंटी कौन्सिलांचे नगरसेवक. सगळे मिळून अकराशे-बाराशे मतदार, आणि त्यांतील बहुतेक जण कोणत्या ना कोणत्या पक्षाचे.

ही निवडणूक प्रत्यक्षात कशी होते हे जवळून पाहण्यासारखे आहे. मतपत्रिका नोंदणीकृत टपालाने येतात. नगरसेवकाने त्या अधिकृत अधिकाऱ्यासमोर, म्हणजे काउंटी रजिस्ट्रार किंवा वरिष्ठ पोलीस अधिकारी अशा कोणासमोर, गुप्तपणे पसंतीक्रम लिहून भरायच्या आणि पुन्हा टपालानेच पाठवायच्या. मतदार इतके थोडे असतात की संक्रमणीय मतांची, म्हणजे एका उमेदवाराकडून पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जाणाऱ्या मतांची, वाटणी करताना अपूर्णांकांचा घोळ होऊ नये म्हणून प्रत्येक मतपत्रिकेचे मूल्य १,००० धरले जाते. उमेदवार कित्येक आठवडे गाडी घेऊन एका काउंटीतून दुसरीत हिंडतात आणि एकेका नगरसेवकाच्या घरी जाऊन पहिली पसंती मागतात. शेतीच्या पॅनेलवरून निवडून येण्यासाठी शेतकऱ्यांची मते लागत नाहीत, श्रमाच्या पॅनेलसाठी कामगारांची लागत नाहीत. लागतात ती पक्षाच्या नगरसेवकांची. जाणकारांचे सभागृह म्हणून जे आखले गेले, ते डॉलची निवडणूक हरलेल्यांचा थांबा आणि पुढची लढवू पाहणाऱ्यांची तालीम होऊन बसले, ही टीका त्यामुळे अन्यायाची म्हणता येत नाही.

पदवीधरांच्या सहा जागांची कथा याहून खेदजनक आहे. तीन जागा नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ आयर्लंडच्या पदवीधरांना, तीन ट्रिनिटी कॉलेजच्या पदवीधरांना, अशी वाटणी होती. इतर उच्चशिक्षण संस्थांच्या पदवीधरांनाही मताधिकार देता यावा म्हणून १९७९ मध्ये घटनादुरुस्ती झाली आणि सार्वमतात ९२ टक्क्यांहून अधिक मतदारांनी तिला मान्यता दिली. तिच्यासाठी लागणारा साधा कायदा मात्र २०१३ पर्यंत एकाही सरकारने केला नव्हता. लिमरिक आणि डब्लिन सिटी ही विद्यापीठे १९८९ मध्ये स्थापन झाली, हजारो पदवीधर बाहेर पडले आणि त्यांना मत नव्हते. जनतेने इतक्या स्पष्टपणे दिलेला कौल तीन दशके कपाटात पडून राहतो, तेव्हा दोष सभागृहाच्या रचनेपेक्षा ती रचना बदलण्याचे अधिकार ज्यांच्या हाती आहेत त्यांच्याकडे अधिक जातो, असे मला ठामपणे वाटते.

तरीही हे सभागृह निव्वळ निरुपयोगी होते असे कोणी म्हणू नये. मेरी रॉबिन्सन राष्ट्राध्यक्ष होण्यापूर्वी वीस वर्षे येथे ट्रिनिटीच्या प्रतिनिधी होत्या आणि गर्भनिरोधनाचा विषय डॉलमध्ये कोणी काढायला धजत नव्हते तेव्हा त्यांनी तो येथे विधेयकरूपाने आणला. एनिस्किलनच्या बॉम्बस्फोटात मुलगी गमावलेल्या गॉर्डन विल्सन यांना १९९३ मध्ये नामनियुक्त करण्यात आले आणि उत्तर आयर्लंडमधील एका सामान्य नागरिकाचा आवाज दक्षिणेच्या संसदेत पोहोचला. डॉलच्या निवडणुकीत अशी माणसे उभीही राहिली नसती.

प्रस्ताव कोठून आला

ऑक्टोबर २००९ मध्ये फिन गेल या पक्षाच्या मेजवानीच्या समारंभात पक्षनेते एन्डा केनी यांनी घोषणा केली की आपण सत्तेवर आलो तर शॅनड रद्द करू. तोवर पक्षाचे धोरण सुधारणेचे होते. घोषणेने पक्षातलेच अनेक जण चकित झाले. काळ मोठा कठीण होता. सप्टेंबर २००८ मध्ये सरकारने बँकांना हमी दिली होती, घरबांधणीचा फुगा फुटला होता, बेरोजगारी वाढत होती आणि राजकारण्यांवरचा विश्वास रसातळाला गेला होता. नोव्हेंबर २०१० मध्ये युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्याकडून मदत घेण्याची वेळ आली. फेब्रुवारी २०११ च्या निवडणुकीत फिन गेलने १६६ पैकी ७६ आणि लेबर पक्षाने ३७ जागा जिंकल्या आणि केनी यांच्या नेतृत्वाखाली देशाच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या बहुमताचे आघाडी सरकार आले. शॅनड रद्द करण्याचे सार्वमत त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत होते.

येथे एक निवड झाली आणि माझ्या मते या प्रकरणाचे पुढचे सगळे वळण तिने ठरवले. याच सरकारने डिसेंबर २०१२ मध्ये घटनेचा विचार करण्यासाठी १०० सदस्यांचे अधिवेशन सुरू केले होते. त्यात ६६ सामान्य नागरिक होते, यादृच्छिक पद्धतीने निवडलेले. राष्ट्राध्यक्षांचा कार्यकाल, मतदानाचे वय, समलिंगी विवाह, एवढेच काय, डॉलची निवडणूक पद्धतही त्यांच्यापुढे ठेवली गेली. मात्र वरिष्ठ सभागृह असावे का आणि कसे असावे, हा प्रश्न त्यांच्याकडे सोपवला गेला नाही. त्याचे उत्तर सरकारजवळ आधीच तयार होते. समलिंगी विवाहाचा विषय त्या अधिवेशनातून चर्चेने शिजून आला आणि २०१५ च्या सार्वमतात मोठ्या बहुमताने मंजूर झाला. शॅनडचा विषय एका नेत्याच्या भाषणातून थेट मतपत्रिकेवर आला. दोन्ही एकाच देशात, एकाच सरकारच्या काळात घडले, म्हणून ही तुलना बोलकी आहे.

विधेयक जून २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आयर्लंडमध्ये घटनादुरुस्तीचे विधेयक डॉलमध्ये मांडले जाते, दोन्ही सभागृहांतून जाते आणि मग लोकांसमोर ठेवले जाते. त्यामुळे जुलैमध्ये शॅनडवर स्वतःच्याच विसर्जनाच्या विधेयकावर मत देण्याची वेळ आली आणि त्याने ते मंजूर केले. पंतप्रधानांच्या नेमणुका आणि पक्षशिस्त यांमुळे सभागृहात सरकारचे बहुमत कसे पक्के होते, याला याहून वेगळा पुरावा नको.

युक्तिवाद

रद्द करण्याच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा इतर देशांचा होता. न्यूझीलंडने १९५० मध्ये, डेन्मार्कने १९५३ मध्ये आणि स्वीडनने १९७० च्या सुमारास आपली दुसरी सभागृहे मोडीत काढली आणि त्यांच्या लोकशाहीचे काही बिघडले नाही. आयर्लंडएवढ्या लहान, एकात्म (संघराज्य नसलेल्या) राज्याला दुसऱ्या सभागृहाची गरज काय? हा प्रश्न खरा होता आणि त्याला नीट उत्तर देणे भाग होते. विरोधकांनी दाखवून दिले की स्कँडिनेव्हियात स्थानिक संस्था बळकट आहेत आणि संसदीय समित्या सरकारला जाब विचारू शकतात. आयर्लंडमध्ये स्थानिक संस्था आधीच दुबळ्या होत्या, हेच सरकार ८० टाउन कौन्सिले बंद करण्याच्या तयारीत होते, आणि डॉलमध्ये चर्चेची वेळ आवळून विधेयके रेटून नेण्याची पद्धत रूढ झाली होती. आर्थिक निर्णयांचा गाभा तर चार मंत्र्यांच्या छोट्या समितीत गेला होता. अशा वेळी एक सभागृह काढून टाकले की उरलेली सत्ता पंतप्रधानांच्या कार्यालयाकडेच सरकते, हा विरोधकांचा दावा मला पटतो. डॉल आपण आणखी कार्यक्षम करू, असे सरकार म्हणत होते. पण ते केवळ आश्वासन होते आणि शॅनडचे विसर्जन मात्र घटनेत कायमचे लिहिले जाणार होते.

दुसरा मुद्दा असा की या सभागृहाने कधी काही अडवलेच नाही. डॉलने मंजूर केलेली विधेयके त्याने दोनदाच फेटाळली: एकदा १९५९ मध्ये, एकदा १९६४ मध्ये. १९६४ चे विधेयक सावकारी गहाणवटीसंबंधीचे होते, ते बाजूला ठेवू. १९५९ चे मात्र पुन्हा आठवावे असे आहे. प्रमाणशीर प्रतिनिधित्व (मतांच्या प्रमाणात जागा) काढून, सर्वाधिक मते मिळवणारा एकच जण निवडून येण्याची ब्रिटिश पद्धत आणण्याची घटनादुरुस्ती डी व्हॅलेरांच्या सरकारने मांडली; तिचा थेट फायदा त्यांच्याच फियाना फॉल पक्षाला झाला असता. शॅनडने ती फेटाळली, डॉलने ती पुढे रेटली आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये जनतेनेही सुमारे ५१.८ टक्के मतांनी ती नाकारली. अडवले नाही म्हणून निरुपयोगी ठरवताना, जेव्हा अडवले तेव्हा काय अडवले याकडे प्रचारात फारच कमी लक्ष दिले गेले, ही खंत वाटते.

तिसरा मुद्दा पैशाचा होता आणि सरकारी बाजूने भर दिला तो त्यावरच. वर्षाला २ कोटी युरो वाचतील आणि राजकारणी कमी होतील, असे फलक रस्त्याच्या खांबाखांबावर लागले. थेट बचत या आकड्याच्या निम्म्याच्या आसपास होती. बाकीची रक्कम इमारत, कर्मचारी, निवृत्तिवेतन अशा सामायिक खर्चाच्या वाटणीतून आली होती आणि सभागृह गेले म्हणून ते खर्च आपोआप जाणार नव्हते. पण आकडा खरा की खोटा यापेक्षा गंभीर बाब ही की घटनात्मक प्रश्न हिशेबाच्या वहीत उतरला. लोकांच्या संतापाला हाक देण्यासाठी ते सोपे होते. फलकावरचा मजकूर वाचून घरी गेलेल्या मतदाराला विधेयके कोण तपासतो, राष्ट्राध्यक्ष किंवा न्यायाधीश यांना पदावरून काढण्याच्या तरतुदी कशा बदलतील, दोन्ही सभागृहांच्या सदस्यांनी राष्ट्राध्यक्षांना विनंती करून एखादे विधेयक जनतेकडे पाठवण्याची घटनेच्या २७ व्या कलमातील सोय जाणार की राहणार, यातले काहीच कळत नव्हते.

नकाराच्या बाजूला तऱ्हेतऱ्हेची माणसे होती. 'डेमॉक्रसी मॅटर्स' या गटात माजी मंत्री मायकेल मॅक्डॉवेल, उद्योजक सिनेटर (म्हणजे शॅनडचे सदस्य) फर्गल क्विन आणि कॅथरीन झॅपोनी होते. झॅपोनी तर केनी यांनीच नामनियुक्त केलेल्या सदस्य. क्विन आणि झॅपोनी यांनी सुधारणेचे तयार विधेयकच मांडले आणि त्यातील कळीचा मुद्दा हा होता की बहुतेक सुधारणांसाठी घटनेला हात लावण्याची गरजच नाही. पॅनेलांवरील ४३ जणांना मत कोण देणार हे घटनेने ठरवलेले नाही, ते १९४७ च्या साध्या कायद्याने ठरवले आहे. उद्या डॉलने ठरवले तर प्रत्येक नागरिकाला त्या पॅनेलांसाठी मत देता येईल. संपूर्ण वादातली सर्वांत महत्त्वाची वस्तुस्थिती मला हीच वाटते. जे सभागृह अभिजनांचे आणि बिनलोकशाहीचे म्हणून रद्द करायला निघाले होते, त्याला लोकशाहीचे करण्याचा अधिकार रद्द करू पाहणाऱ्या सरकारच्याच हातात, एका साध्या बहुमताच्या अंतरावर होता.

मीहॉल मार्टिन यांचा फियाना फॉल पक्ष नकाराच्या बाजूने उतरला, शिन फेन हा पक्ष सरकारबरोबर होता. मार्टिन यांच्याशी दूरचित्रवाणीवर समोरासमोर वाद करण्यास केनी यांनी नकार दिला. प्रस्ताव ज्यांच्या नावावर होता त्यांनीच त्याचा बचाव करायला न येणे, ही निव्वळ प्रचारातली चूक नव्हती. लोकांना एक संस्था कायमची मिटवायला सांगायचे आणि त्याची कारणे मात्र सहकाऱ्याकडून सांगवायची, याने प्रस्तावाचा नैतिक आधारच खचला.

कौल आणि त्यानंतर

मतदानापूर्वीच्या पाहण्यांत होकार आघाडीवर होता, प्रत्यक्षात ४८.३ टक्के होकार आणि ५१.७ टक्के नकार आला. मतदान ३९ टक्क्यांच्या आसपासच झाले, म्हणजे बहुसंख्य नागरिक घरीच राहिले. लोकांनी सरकारला धडा शिकवला, असे सरसकट म्हणता येत नाही, कारण त्याच दिवशी नव्या अपील न्यायालयाची सरकारचीच घटनादुरुस्ती ६५ टक्के मतांनी मंजूर झाली. मतदारांनी दोन मतपत्रिकांत फरक केला होता. राजकारणात कधी कधी असा तडाखा बसतो, असे केनी निकालानंतर म्हणाले.

पण नकाराचा अर्थ काय लावायचा? मतपत्रिकेवर प्रश्न एकच होता: विधेयकातील दुरुस्ती मान्य आहे का. सुधारणा हवी असलेल्या माणसाला नकारावर खूण करावी लागली आणि सध्याच्या व्यवस्थेत समाधानी असलेल्यालाही तेथेच. मोजणीनंतर या दोघांची मते वेगळी काढण्याचा मार्ग नव्हता. तिसरा पर्याय मतपत्रिकेवर आणणे घटनेनुसार सोपे नव्हते हे मान्य. तरी सुधारणेचा कायदा आधी करून मग लोकांना विचारता आले असते की हे सुधारलेले सभागृह ठेवायचे की काढायचे. प्रश्नांचा क्रम बदलला असता तर कौल होकाराचा असो वा नकाराचा, त्यातून काहीतरी नवे निघाले असते.

घडले ते असे. मॉरिस मॅनिंग यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने एप्रिल २०१५ मध्ये अहवाल दिला: बहुसंख्य जागा एक नागरिक एक मत या तत्त्वाने थेट निवडल्या जाव्यात, आणि हे साध्या कायद्याने करता येते. मग मॅक्डॉवेल यांच्या अध्यक्षतेखालील अंमलबजावणी गटाने २०१८ च्या अखेरीस त्याचे विधेयकच तयार करून दिले. एकाही सरकारने ते रेटले नाही. कारण शोधायला दूर जावे लागत नाही. ज्या नगरसेवकांची मते कमी होणार होती ते पक्षांचा गावोगावचा कणा आहेत, आणि ज्या सिनेटरांच्या जागा धोक्यात होत्या ते त्याच पक्षांचे आहेत. सभागृह रद्द करताना या हितसंबंधांना ओलांडण्याची हिंमत सरकारने दाखवली, कारण त्यामागे टाळ्या होत्या. सुधारताना ती कोणी दाखवली नाही.

बदल झाला तो न्यायालयामुळे. मत नाकारल्या गेलेल्या लिमरिक विद्यापीठाच्या एका पदवीधराने दाद मागितली आणि मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की १९७९ च्या दुरुस्तीनंतरही मताधिकार दोनच विद्यापीठांपुरता ठेवणे घटनाबाह्य आहे. मग २०२४ मध्ये कायदा झाला आणि सहा जागांचा एकच उच्चशिक्षण मतदारसंघ ठरला. जनतेने ९२ टक्क्यांनी दिलेल्या कौलाला कायद्याचे रूप मिळायला ४५ वर्षे लागली, आणि तेही संसदेच्या पुढाकाराने नाही. शिवाय जानेवारी २०२५ ची शॅनड निवडणूक जुन्याच मतदारसंघांवर झाली, कारण नवी रचना तिच्यानंतर लागू व्हायची होती.

पॅनेलांच्या ४३ जागा आजही नगरसेवक आणि संसद सदस्यच भरतात. तो १९४७ चा कायदा बदलण्यासाठी सार्वमत लागत नाही, घटनादुरुस्ती लागत नाही. मॅक्डॉवेल गटाचे विधेयक तयार आहे आणि डॉलमधील साधे बहुमत त्याला पुरेसे आहे.